शहरात परिषदा-प्रदर्शने आणायची तर माहिती व्यवस्था कशी बसवावी?

प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरातली एक उद्योजक संघटना, काही हॉटेलवाले आणि सभागृहांचे मालक मिळून परिषदा, प्रदर्शने आणि डीलर मीट शहरात आणण्यासाठी पोर्टल आणि अ‍ॅप करायच्या विचारात आहेत. एका कंपनीने डेमोही दाखवला आहे. त्यात सभागृहांची ३६० अंशांत फिरणारी चित्रे आहेत, चॅटबॉट आहे, नकाशा आहे. यात पैसे घालावेत का, आणि घालायचेच तर काय मागून घ्यावे?

आयोजकांच्या बाजूने आणि माहिती व्यवस्था बसवणाऱ्यांच्या बाजूने, दोन्हीकडून या धंद्यात बरीच वर्षे काढल्यावर माझे उत्तर असे आहे: पैसे जरूर घाला, पण पहिले वर्षभर त्यातला एकही रुपया बाहेरच्याला दिसणाऱ्या गोष्टीवर घालू नका. डेमोत दाखवले ते सगळे शेवटी करायचे काम आहे. काही तर कधीच केले नाही तरी चालेल.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. या धंद्याचे गिऱ्हाईक पर्यटक नाही. डॉक्टरांच्या संघटनेचा ऑर्गनायझिंग सेक्रेटरी, दीडशे पुरवठादारांना एका दिवसासाठी बोलवू पाहणारा वाळूजच्या कारखान्याचा खरेदी विभाग, परिषद अंगावर घेतलेला विद्यापीठातला प्राध्यापक, किंवा अशी कामे घेणारी पुण्या-मुंबईची एखादी कंपनी. असा माणूस फोन करतो तेव्हा त्याचा प्रश्न ठरलेला असतो. ‘जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार, चारशे डेलिगेट, दोनशे खोल्या, एक मोठा हॉल, तीन छोटे, दोन दिवस जेवण आणि एक दिवस वेरूळ. जमेल का, आणि कितीत?’ याचे पूर्ण उत्तर आज आपल्याकडे कुणा एकाजवळ नसते. जालना रोडवरचे हॉटेल आपल्यापुरत्या खोल्या सांगते. हॉलवाले ‘वही बघून कळवतो’ म्हणतात. बसवाला वेगळाच. सगळ्या हॉटेलांच्या मिळून दोनशे खोल्या त्या तारखेला निघतील का, हे तर कुणीच छातीठोक सांगत नाही. तोवर नाशिकहून नाहीतर पुण्याहून सगळे एका कागदावर मांडलेले उत्तर गेलेले असते. अशा फोनला एका कामाच्या दिवसात शहराच्या वतीने एक खात्रीचे उत्तर देता यावे, एवढेच या व्यवस्थेचे पहिल्या वर्षाचे काम समजा.

शहराची कुवत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० मधल्या डब्ल्यू-२० या महिलांच्या गटाची पहिली बैठक इथेच झाली. त्याच वर्षी जानेवारीत मसिआ या लघुउद्योजकांच्या संघटनेचा अ‍ॅडव्हांटेज महाराष्ट्र एक्स्पो शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत भरला होता. पण असा मोठा कार्यक्रम पार पडला की कुठे वीज कमी पडली, कोणत्या हॉटेलने शब्द पाळला, किती बस रिकाम्या धावल्या, ही माहिती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहते. पुढच्या वर्षी समिती बदलते आणि फोनही बदलतो.

म्हणून पहिली नोंद तारखांची करा. शहराचे एकच सामायिक कॅलेंडर हवे, आणि ते नुसते कार्यक्रमांचे असून भागत नाही. आपल्याकडे परिषदेची खरी स्पर्धा लग्नाशी असते. मोठे हॉल, केटरर, मंडपवाले, डेकोरेशनवाले, जनरेटरवाले सगळे तेच. त्यामुळे पंचांगातल्या लग्नतिथी कॅलेंडरमध्ये आधी भरा. मग नाथषष्ठीचे दिवस, कारण तेव्हा पैठणच्या रस्त्याचे गणित बदलते. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी असते, म्हणजे वेरूळच्या बसचा वेळ ठरवताना ते धरावे लागते. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनामुळे मंत्री आणि अधिकारी शहरात असतात, त्यामुळे सरकारी विश्रामगृहे मिळत नाहीत. कॉलेजांचे ऑडिटोरियम घ्यायचे तर विद्यापीठाच्या परीक्षा बघा. सरकारी जागा घ्यायची तर निवडणुकीची आचारसंहिता बघा. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. त्या काळात मनमाडमार्गे येणाऱ्या गाड्यांवर काय ताण येईल ते आतापासून नोंदवून ठेवा. यातले काहीही बाहेरची कंपनी तुम्हाला देणार नाही. हे इथल्या माणसाने बसून भरायचे आहे, आणि दरवर्षी नव्याने भरायचे आहे.

तारखेला ‘रिकामी’ आणि ‘बुक’ अशा दोनच अवस्था ठेवल्या की गोंधळ होतो. किमान चार लागतात: नुसती चौकशी, तात्पुरती धरलेली, पक्की, आणि सुटलेली. तात्पुरत्या धरलेल्या तारखेला मुदत हवी आणि ती संपली की व्यवस्थेने आपोआप तारीख मोकळी करून रांगेतल्या पुढच्या माणसाला कळवले पाहिजे. हे बारीक वाटते, पण हॉलवाल्याचा विश्वास इथेच बसतो किंवा तुटतो. लग्नवाले येतात, बयाणा टेबलावर ठेवतात आणि तारीख घेऊन जातात. परिषदवाले म्हणतात, ‘कार्यकारिणीची मीटिंग झाली की पत्र पाठवतो’, आणि दोन महिने पत्र येत नाही. मग हॉलवाल्याने परिषदेला तारीख का धरून ठेवावी? मुदत दहा दिवस ठेवा, पंधरा ठेवा, सगळ्यांना एकच ठेवा आणि ओळखीपाळखीवर वाढवू नका.

दुसरी नोंद जागांची. इथे मात्र मला जरा ताणून सांगायचे आहे, कारण सगळ्यात जास्त खोटी माहिती इथेच भरली जाते. मंगल कार्यालयाच्या माहितीपत्रकात ‘क्षमता १०००’ लिहिलेले असते. ही क्षमता लग्नाची. त्यात निम्मे लोक जेवत असतात, काही लॉनवर असतात आणि उरलेले येऊन-जाऊन असतात. परिषदेत सगळी माणसे एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून, तीन तास बसतात. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा मांडल्या तर माणशी आठ ते दहा चौरस फूट धरतात. पुढे टेबल आले की पंधरा ते अठरा. गोल टेबलांना बारा ते पंधरा. म्हणजे पाच हजार चौरस फुटांचा हॉल रांगांनी मांडला तर पाचशेचा होतो आणि टेबले लावली की पावणेतीनशेच्या आसपास येतो, आणि त्यातूनही स्टेज, मधल्या वाटा आणि मागचे कंट्रोल टेबल वजा जायचे असते. म्हणून क्षमता हा आकडा भरूनच घेऊ नका. लांबी, रुंदी, खांब कुठे आहेत आणि पंख्याच्या किंवा एसीच्या डक्टच्या खाली मोकळी उंची किती, एवढे भरून घ्या. क्षमता व्यवस्थेने मांडणीनुसार स्वतः काढावी.

प्रदर्शनासाठी जागा बघायची तर आणखी बाबी येतात. दाराची रुंदी-उंची किती, ट्रक कुठपर्यंत येतो, फरशीवर फोर्कलिफ्ट चालते का, वीज किती केव्हीए मंजूर आहे, थ्री फेज कुठे निघते, जनरेटर आपला की भाड्याचा. आपल्याकडे सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशिन स्टॉलवर चालवून दाखवणारे उद्योजक आहेत, त्यांना टाइल्स चकाकतात की नाही याच्याशी काही घेणे नाही. आणि मराठवाड्यात एक रकाना हवाच हवा: पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येते हे आपण धरूनच चालतो, पण दिल्लीचा आयोजक धरत नाही. साठवण किती लिटरची, टँकर कुणाचा, आणि एप्रिल-मेमध्ये त्याचा भरवसा काय, हे आधी लिहिलेले असले तर ऐनवेळी हात धुवायच्या बेसिनपाशी शोभा होत नाही.

ही मापे मालकाला विचारून भरू नका. हॉटेल मॅनेजमेंटच्या नाहीतर पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना लेझर टेप देऊन पाठवा. प्रत्येक नोंदीपुढे मापणाऱ्याचे नाव आणि तारीख ठेवा. वर्ष उलटले की नोंद पिवळी झाली पाहिजे, म्हणजे पुन्हा जाऊन बघायला हवे हे दिसेल. हॉलमध्ये मध्येच काचेचे पार्टिशन उभे राहते, स्टेज वाढवले जाते, आणि मालकाला ते कळवण्यासारखे वाटत नाही.

इंटरनेटचे तसेच आहे. ‘वायफाय उपलब्ध’ याला काही अर्थ नाही. चारशे डेलिगेट म्हणजे फोन आणि लॅपटॉप धरून सातशे-आठशे उपकरणे. दाटीच्या हॉलमध्ये एक चांगला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, पन्नासएक उपकरणे नीट सांभाळतो. तेव्हा किती पॉइंट आहेत आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन येतात का, हे विचारा. शेंद्र्यासारख्या मोकळ्या मैदानात डोम उभारला आणि दुपारी गर्दी झाली की मोबाइलचा डेटा रांगायला लागतो. नोंदणीचा क्यूआर प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारून उघडणार असेल तर दारावर रांग लागलीच म्हणून समजा. स्कॅन करणाऱ्या फोनमध्ये पूर्ण यादी आधीच उतरवलेली हवी, आणि नेट आले की त्याने मागून जुळवून घ्यावे. डेमोला बसाल तेव्हा कंपनीच्या माणसाला सांगा, आता फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि दहा जणांची नोंदणी करून दाखव.

खोल्यांचा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि एकमेकांवरच्या संशयाचा जास्त आहे. कोणतेही हॉटेल आपल्या किती खोल्या रिकाम्या आहेत हे शेजारच्या हॉटेलला कळू देणार नाही, आणि त्यात चूकही काही नाही. म्हणून रिकाम्या खोल्या मागूच नका. प्रत्येकाने एवढेच द्यावे की या तारखेला समूहासाठी मी इतक्या खोल्या अमुक दरापर्यंत देईन. हा आकडा एका तटस्थ जागी जातो, बाकीच्यांना फक्त शहराची एकूण बेरीज दिसते. पक्के झाले की ज्याच्या त्याला आपापला वाटा कळतो. एवढी गुप्तता व्यवस्थेत मुळापासून बसवलेली नसेल तर हॉटेलवाले पहिल्या महिन्यात हो म्हणतील आणि दुसऱ्या महिन्यापासून शून्य भरतील.

मग येतो इतिहास. आयोजकाने किती खोल्या धरायला सांगितल्या आणि प्रत्यक्षात किती घेतल्या, ही जोडी प्रत्येक कार्यक्रमाची टिपून ठेवा. पुढच्या वेळी हॉटेलशी बोलताना याच्यासारखा आधार नाही. पण ही जोडी डोळे मिटून वापरू नका. जालना, बीड, परभणीचे डेलिगेट संध्याकाळी घरी परततात, हे आधीपासून आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई वंदे भारत आली आणि पुढे ती नांदेडपर्यंत गेली. विदर्भातून यायला जो माणूस आदल्या रात्री निघून मुक्काम करायचा, तो आता पहाटे गाडीत बसतो. काही मुक्काम त्यामुळे गेले, पण पूर्वी येतच नव्हते असेही लोक यायला लागले. समृद्धीच्या आधीच्या परिषदेचे आकडे आज तसेच्या तसे लावले तर खोल्या जास्त धरल्या जातील. म्हणून आकड्याशेजारी ‘का’ असा एक रकाना ठेवा, दोन ओळींचा.

तिसरी नोंद चौकशांची, आणि माझ्या मते ही सगळ्यांत मोलाची. आलेली प्रत्येक चौकशी, कुणाकडेही आलेली असो, एका ठिकाणी पडली पाहिजे. जिंकलेल्यांपेक्षा हातून गेलेल्या चौकशा काळजीने लिहा. कुठल्या शहराला गेली? कारण काय? तारीख नव्हती, हॉल लहान पडला, विमानाची वेळ जमली नाही, दर जास्त होता, की आपल्याकडून उत्तरच गेले नाही? दोन हंगाम हे नीट लिहिले की विमान कंपनीशी किंवा महापालिकेशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असते. नाहीतर ‘कनेक्टिव्हिटी वाढवा’ अशी निवेदने आपण पूर्वीपासून देतोच आहोत. हॉल लहान पडला म्हणून गेलेल्या चौकशा थोड्या आणि उत्तर उशिरा गेले म्हणून गेलेल्या जास्त निघाल्या, तर कन्व्हेन्शन सेंटर हवे म्हणून आपण जो आग्रह धरतो त्याकडेही वेगळ्या नजरेने बघावे लागेल.

चौकशी येण्याची वाट बघत बसायचेही कारण नाही. संघटनांच्या परिषदा फिरत्या असतात. इक्का ही या क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था कमीत कमी ५० प्रतिनिधींच्या, ठरावीक काळाने भरणाऱ्या आणि निदान तीन देशांत फिरणाऱ्या परिषदाच मोजते, आणि कोणती परिषद कुठे-कुठे होऊन गेली याची नोंद ठेवते. तेवढ्या वर आपल्याला लगेच जायचे नाही. पण हीच रीत राज्य आणि देश पातळीवर लागू आहे. संघटना परिषद बहुधा तिथे देते, जिथे तिचा कुणी खंबीर स्थानिक यजमान असतो. तेव्हा एक यादी माणसांची करा: घाटी या सरकारी रुग्णालयातले कोण डॉक्टर आपल्या शाखेच्या राज्य कार्यकारिणीवर आहेत, विद्यापीठातले कोण प्राध्यापक कुठल्या परिषदेचे पदाधिकारी आहेत, १९८० पासून पाणी आणि जमिनीवर काम करणाऱ्या वाल्मी या सरकारी संस्थेतले कोण, परभणीच्या कृषी विद्यापीठातले कोण, जालन्याच्या बियाणे कंपन्यांतले आणि स्टील उद्योगातले कोण. पाणी, दुष्काळ, बियाणे, वाहनांचे सुटे भाग या विषयांत मराठवाड्याला सांगण्यासारखे आहे, आणि त्या विषयांची माणसे इथे राहतात. त्यांना बोली लावायला लागणारे कागद आयते करून द्या. या यादीला सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरते.

सहलींबद्दल थोडे, कारण आपल्याकडे परिषद येण्याचे निम्मे कारण लेणी असतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तरी शनिवार-रविवारच्या परिषदेनंतर सोमवारी अजिंठा ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिका मी छापून आलेल्या पाहिल्या आहेत. व्यवस्थेने तारीख टाकताच लाल इशारा द्यायला हवा, हे काम एका ओळीचे आहे. अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर, आणि तिथे आपली गाडी थेट लेण्यांपाशी जात नाही. पायथ्याशी उतरून एसटीच्या बसने पुढे जावे लागते. दोनशे माणसे एकदम नेली तर तासभर तिथेच जातो, म्हणून गट पाडून वेळा द्याव्या लागतात. वेरूळ तीसेक किलोमीटर. ते अर्ध्या दिवसात बसते. परदेशी पाहुणे असतील तर त्यांच्या परिषदेच्या व्हिसासाठी लागणाऱ्या केंद्राच्या परवानग्यांना किती आधी लागायचे, आणि हॉटेलने चोवीस तासांत भरायचा परदेशी पाहुण्यांचा फॉर्म, या दोन गोष्टी आयोजकाच्या यादीत आपोआप उमटू द्या.

डेलिगेटच्या माहितीबाबत आपण फार ढिले आहोत. परिषद संपली की चारशे डॉक्टरांचे नंबर प्रायोजकाला, त्याच्याकडून आणखी कुणाला, आणि पुढे फ्लॅटच्या जाहिराती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि अशा वापराला आता वेगळी, स्पष्ट संमती घ्यायला हवी. नोंदणीच्या फॉर्मवर ‘माझा नंबर प्रदर्शकांना द्यावा’ ही चौकट रिकामी ठेवा. आधीच टिक केलेली ठेवू नका. जीएसटी क्रमांक मात्र नोंदणीच्याच वेळी घ्या. नंतर बिले बदलून देता देता हिशेबनीस रडकुंडीला येतो.

आकड्यांचे एक सांगतो. प्रदर्शन संपले की ‘लाखांची गर्दी, कोटींची उलाढाल’ अशी बातमी येते. एकच माणूस जेवायला बाहेर जाऊन परत आला की दोन मोजला जातो. भेटी आणि माणसे असे दोन आकडे वेगळे छापा. शहराला फायदा किती झाला हे काढताना फक्त बाहेरून आलेल्यांचा खर्च धरा: किती लोक, किती रात्री, माणशी अंदाजे किती. इथल्याच डॉक्टरने इथेच जेवणावर घातलेले पैसे शहरात आलेले पैसे नव्हेत. असा हिशेब केल्यावर आकडा बराच खाली येतो, बातमीही लहान होते, पण पुढच्या वर्षी मनपाकडे मदत मागताना तोच आकडा उलटतपासणीत टिकतो.

आता हे चालवायचे कुणी? हॉलचा मॅनेजर पोर्टलवर लॉग-इन करून तारखा भरणार नाही. पहिल्या आठवड्यात भरेल, लग्नसराई सुरू झाली की थांबेल. त्यामुळे एक पूर्णवेळ माणूस लागतो, जो दर सोमवारी सकाळी सगळ्यांना फोन करून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून नोंदी ताज्या करेल. डेट्रॉइटला १८९६ मध्ये पहिला कन्व्हेन्शन ब्युरो सुरू झाला तो याच कामासाठी माणूस नेमून. संगणक कुठून असणार तेव्हा! हा माणूस कुठल्याही एका हॉटेलच्या किंवा एका संघटनेच्या पगारावर नको. सीएमआयए ही उद्योजकांची संघटना, मसिआ आणि हॉटेल व्यावसायिक मिळून खर्च वाटून घेता येतो. पोर्टलवर ठरवलेल्या पैशांतला मोठा वाटा याच्या दोन वर्षांच्या पगाराला ठेवा. तुळशीच्या लग्नाआधी सुरुवात केलीत तर पहिल्या हंगामाच्या नोंदी पूर्ण मिळतील, आणि त्या साध्या शीटवर ठेवल्या तरी चालतील. कोणते रकाने लागतात आणि कोणते कुणी भरत नाही हे कळल्यावरच सॉफ्टवेअर मागवा.

तेव्हा कंपनीकडून हे लिहून घ्या: नोंदींची मालकी तुमची, आणि त्या कधीही पूर्णपणे, कुठल्याही शीटमध्ये उघडतील अशा स्वरूपात, वेगळे पैसे न घेता मिळतील. मराठीत वापरता येईल. फोनवरून, नेट नसतानाही नोंदणी चालेल. कोणी कोणती नोंद कधी बदलली ते दिसेल. ३६० अंशांची चित्रे दुसऱ्या वर्षीच्या दरपत्रकात टाकायला सांगा. चॅटबॉटची ओळ आत्ताच कापा, कारण चारशे माणसांची परिषद आणणारा माणूस फोनच करतो, आणि त्याला पलीकडून ज्याला हॉलची उंची माहीत आहे असा आवाज लागतो.